ताईचा बहिरा हात

ताई गेली त्याला आता सहा आठवडे झाले. रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास पुण्यातल्या घरी मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा भावजींचा फोन आला. "शैला, कुमुद गेली… पेपर वाचत होती," एवढंच म्हणाले. खुर्चीत बसल्या बसल्या तिचं हृदय थांबलं होतं. दुपारच्या विमानाने दिल्लीला गेले आणि तिथून गुडगावला त्यांच्या घरी. मी पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरू लागला होता, खाली हात जोडल्याची चित्रं आणि 'फायटर', 'इन्स्पिरेशन' असले शब्द. तिसऱ्या दिवशी क्लब हाऊसमध्ये शोकसभा झाली. सोसायटीचे सेक्रेटरी माइक हातात घेऊन म्हणाले, "कुमुद आंटी ने कैंसर को हराया।" लोकांनी माना डोलावल्या. ताईला कॅन्सर नव्हता. तिच्या मज्जारज्जूच्या आत, मानेच्या जागी एक गाठ होती, फार थोड्यांना होते त्या जातीची, आणि ती ताईने हरवली नाही, एका बारीक चणीच्या सर्जनने दिवसभर उभं राहून काढली. ताईला हरवावं लागलं ते आम्हाला. आम्ही म्हणजे तिचा नवरा, तिची सासू, चार डॉक्टर आणि मी. गाठीपेक्षा आम्ही चिवट निघालो. हे मी त्या सभेत बोलले नाही. सभेनंतर समोसे यायचे होते आणि लोकांचं लक्ष दाराकडे लागलं होतं. म्हणून इथे लिहिते आहे.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन दिल्लीला गेली ती तिथलीच झाली. भावजी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते, राहायला रामकृष्णपुरमचं सरकारी क्वार्टर, आणि ताई पहाडगंजातल्या मराठी शाळेत गणित आणि मराठी शिकवायची. दिल्लीत जन्मलेली मराठी पोरं "बाई, मी भूक लागली" म्हणायची, आणि ताई म्हणायची, "अरे वा, तू भूक आहेस का? मग कुणाला लागलीस?" पोरं हसायची आणि पुढच्या वेळी बरोबर बोलायची. हसत हसत पाणउतारा करणं ही तिची शिकवण्याची पद्धत होती आणि जगण्याचीसुद्धा. मूर्खपणा तिला सहन व्हायचा नाही आणि दिल्लीत तो मुबलक होता. भावजींच्या ऑफिसातले लोक जेवायला आले की कोण कुठल्या साहेबाच्या जवळचा यावर दोन-दोन तास बोलायचे. ते गेल्यावर ताटं उचलताना ती म्हणायची, "सगळे कुणाच्या ना कुणाच्या जवळचे. स्वतःचा असा एकही नाही." मी मानसशास्त्रात एम.ए. करायला दिल्लीला आले तेव्हा मुनिरकात खोली घेतली, जिची एकुलती एक खिडकी शेजारच्या घराच्या भिंतीत उघडायची. रविवारी ताईकडे जेवायला जायचं, आठवडाभराचं वाचलेलं तिला ऐकवायचं आणि तिच्याकडून टोमणे खायचे, हा नेम होता.

नव्वदीच्या मध्यावर देशात पैसा मोकळा झाला आणि भावजीही मोकळे झाले. मंत्रालयातली नोकरी सोडून ते एका खाजगी कंपनीत गेले. महिन्याभरात त्यांच्या कमरेला पेजर आला, बोलण्यात 'बिल्कुल' आणि 'नो प्रॉब्लेम' आले, आणि पूर्वी जे "बघू" म्हणायचे ते आता "डन" म्हणायला लागले. सरकारी क्वार्टर सोडणं भाग होतं, दंडाचं भाडं भरून ते फार तर वर्ष-दीड वर्ष ठेवता येणार होतं. त्यांनी कुणाला न विचारता गुडगावला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. आम्ही तो बघायला गेलो तेव्हा चहूकडे सरसोंची शेतं, मधे चार इमारती, लिफ्ट नाही, पाणी टँकरचं, आणि गेटवर मात्र गणवेशातला सलाम ठोकणारा माणूस. भावजी गच्चीत उभे राहून हात पसरून म्हणाले, "दहा वर्षांत बघ, इथे सिंगापूर होईल." ताई म्हणाली, "होईल तेव्हा येईन. तोवर माझी शाळा पहाडगंजला आहे." तिथून शाळेत जायचं तर दोन बस बदलाव्या लागत, दीड तास जाताना, दीड येताना. ती नाही म्हणाली, भावजी डन म्हणाले, आणि घरात अबोला सुरू झाला. पुढे जे झालं ते सगळ्यांनी या अबोल्याच्या खुंटीला टांगलं, म्हणून हे सांगितलं.

त्याच हिवाळ्यातल्या एका रविवारी मी ताईच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. ती पोळ्या करत होती आणि शाळेतल्या कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. मला जळका वास आला. पोळीचा नव्हता. बघितलं तर तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि खालची कड तव्याला टेकलेली होती, कातडी पांढरी पडली होती, आणि ती बोलतच होती. मी ओरडले, "ताई, हात!" तिने हाताकडे बघितलं. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा असं बघितलं, आणि मग सावकाश उचलला. "अच्छा…" म्हणाली, "बहिरा झालाय मेला." तिने त्यावर तूप लावलं आणि उरलेल्या पोळ्या केल्या. मी काय केलं? मी जेवले. त्या दिवशी मटार उसळ होती, हे मला अजून आठवतं.

मग एकेक सुरू झालं. फळ्यावर लिहिताना खडू गळून पडायचा. मानेत आणि दोन खांद्यांच्या मधे दुखायचं, उभं असताना कमी आणि आडवं झाल्यावर जास्त, म्हणून ती बसून झोपायला लागली. पदर पिनेने टाचताना पीन बोटात जायची आणि ब्लाऊजवर रक्ताचा डाग दिसेपर्यंत तिला कळायचं नाही. भावजींनी तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांची झीज आहे म्हणाला, गळ्याला पट्टा दिला आणि वजनं लावून मान ताणायला सांगितली. दुसऱ्याने जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. तिसऱ्याने वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा ती बावन्न किलोची होती. यातल्या एकानेही तिचा हात हातात घेतला नाही. टेबलाच्या पलीकडून बघून सांगितलं. एकाने तर तिच्याकडेही बघितलं नाही, भावजींना विचारलं, "घर में कोई टेंशन?" भावजींनी लगेच फ्लॅटची गोष्ट सांगितली. डॉक्टर हसला, भावजीही हसले. दोन शहाण्या पुरुषांना एका बाईचं मर्म सापडलं होतं. ताई पट्टा लावून मधे बसली होती.

पुढच्या दिवाळीत भावजींच्या आई साताऱ्याहून आल्या. त्यांचं निदान तयारच होतं: मूल नाही ना, मग जीव असा कुठे ना कुठे अडकतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, नजर. भावजी म्हणाले, "तिला गुडगावला यायचं नाही, बस. ज्या दिवशी मी फ्लॅट विकीन त्या दिवशी हात बरा होईल." फराळाची ताटं समोर होती. ताई आत चहा करत होती, डावा हात वापरून, कारण तोवर उजव्याने गाळणी धरवत नव्हती. आणि मी, विद्यापीठात दीड वर्ष काढलेली, पुस्तकं पाठ केलेली, चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "भावजी, याला कन्व्हर्जन म्हणतात. मनातलं दुःख शरीरावर उतरतं. ते ढोंग नसतं हं, तिला स्वतःलाही माहीत नसतं." वर आणखी म्हणाले की अशा माणसाला आपल्या दुखण्याचं काही वाटत नाही, ते बेफिकीर असतं, पुस्तकात तसं लिहिलंय… आणि मी तव्याची हकीकत सांगितली. हात भाजला तरी पोळ्या करत राहिली, बघा. सगळ्यांनी 'अरे!' केलं. ज्या एका गोष्टीवरून कुणाही शुद्धीतल्या माणसाला कळलं असतं की हिच्या हातातलं ऊन-गार कळण्याचं ज्ञानच गेलंय, ती गोष्ट मी पुरावा म्हणून उलट्या बाजूने मांडली. आणि ताईने आतून ऐकलं. चहाचे कप आणून ठेवले, माझा कप माझ्यासमोर ठेवताना म्हणाली, "साखर बघ, बाई. मला कळत नाही ना."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली. पुढे सव्वीस वर्षं कॉलेजात शिकवलं, त्यामुळे बैठकांना बसावं लागलं. पण त्या दिवाळीतल्या माझ्यासारखं कुणी पाहिलं नाही. अडाणी सासू निदान अडाणी होती. मी शिकून आले होते.

भावजींना तो शब्द फार आवडला. 'ढोंग' म्हणायला त्यांना लाज वाटत होती, आणि आता त्यासाठी त्यांच्याकडे इंग्रजी शब्द होता. ते तो सगळीकडे घेऊन गेले. चौथ्या डॉक्टरकडे, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाकडे, त्यांनी आत शिरल्या शिरल्या तो टेबलावर ठेवला, आणि डॉक्टरने दहा मिनिटांत तोच कागदावर लिहून, खाली सही करून परत दिला. माझा शब्द शिक्का मारून घरी आला. ताई गोळ्या घ्यायची आणि वर्गात डुलक्या घ्यायची. मध्ये एकदा मला तिचा डावा पाय ओढल्यासारखा वाटला. मी कुणाला बोलले नाही, कारण तोही माझ्या निदानात बसत होता. असे हात भाजल्यापासून चौदा महिने गेले.

तिला वाचवलं ते वर्गातल्या एका मुलीच्या आईने. शाळेच्या पायऱ्या उतरताना ताई पडली, तेव्हा ती बाई मुलीला घ्यायला आलेली होती. एका सरकारी इस्पितळात ती नर्स होती. तिने ताईला उठवलं, हातावरचे जुने-नवे भाजल्याचे डाग बघितले, आणि विचारलं, "मॅडम, हे दुखले नाहीत?" ताई म्हणाली, नाही. "एकही?" एकही नाही. दुसऱ्या दिवशी ती ताईला आपल्या इस्पितळात डॉक्टर मेहरांकडे घेऊन गेली. बरोबर कुणीतरी घरचं हवं म्हणून ताईने मला बोलावलं. भावजींना बोलावलं नाही.

डॉक्टर मेहरा साठीच्या आसपासच्या, सुती साडी, चष्मा नाकावर, समोर रोग्यांची रांग बाहेर व्हरांड्यापर्यंत. त्यांनी ताईला पडद्यामागे नेलं आणि डोळे मिटायला लावले. एका परीक्षानळीत गरम पाणी, एकीत गार. एकेक करून हाताला, दंडाला, खांद्याला लावत विचारायचं, "गरम या ठंडा?" ताई सांगत होती, आणि चुकत होती. कापसाचा स्पर्श मात्र प्रत्येक वेळी बरोबर ओळखत होती. गालाला लावल्यावर गरम, पोटाला लावल्यावर गरम. मधल्या भागात काहीच नाही. डॉक्टरांनी पेनाने तिच्या अंगावर ठिपके काढले आणि जोडले. शाल पांघरल्यावर जेवढं अंग झाकतं तेवढ्या भागात ताईला ऊन-गार आणि दुखणं कळत नव्हतं, आणि त्या शालीची कड अंगावर निळ्या शाईत आखलेली होती. मग गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय नको तेवढा उडाला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली, एक पेन, दोन नळ्या, थोडा कापूस. चौदा महिन्यांत चार डॉक्टरांना यासाठी वेळ मिळाला नव्हता. त्या म्हणाल्या, "मन ऐसी लाइन नहीं खींचता, बेटा। यह रीढ़ के अंदर की बात है।" मग त्यांनी जुने कागद मागितले. मानसोपचारतज्ज्ञाचा कागद वाचून मान वर केली. "यह किसने निकाला?" मी म्हणाले, "डॉक्टर ने।" ताई ब्लाऊजची बटणं लावत होती, डाव्या हाताने. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या बटणाला हात घातला.

एम.आर.आय. तेव्हा मोजक्या ठिकाणी व्हायचा. फिल्म आली. मज्जारज्जू करंगळीएवढा, आणि मानेत तो फुगलेला, मधे पांढरी गाठ, तिच्या वर आणि खाली पाण्याने भरलेली पोकळी. मी ती फिल्म रामकृष्णपुरमच्या खिडकीला धरून भावजींना दाखवली. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता माफी मागतील. ते म्हणाले, "बेस्ट हॉस्पिटलला दाखवू. नो कॉम्प्रोमाइज." बेस्ट म्हणजे त्यांच्या कंपनीच्या यादीतलं, नुकतंच उघडलेलं, काचेचं. आत कारंजं होतं. कारंज्याभोवती आजारी माणसं संगमरवरावर घसरू नयेत म्हणून जपून चालत होती. तिथल्या सर्जनने सूट घातला होता. त्याने फिल्म दिव्यावर लावली आणि इंग्रजीत, भावजींना, ताईच्या डोक्यावरून सांगितलं की ही गाठ काढता येत नसते, काढायला गेलं तर मानेखालचं सगळं जाईल. हाड उघडून एक तुकडा तपासायला घ्यायचा आणि रेडिएशन द्यायचं. दोन वर्षं, फार तर तीन. भावजी मान डोलवत होते. ताई मधेच हिंदीत म्हणाली, "डॉक्टर साहब, बहरा मेरा हाथ हुआ है। मैं नहीं।" सर्जन पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला, लहान मुलाने धीटपणे काही म्हटल्यावर हसतात तसा. तिने विचारलं, "ही कसली गाठ आहे हे तुम्हाला माहीत आहे?" तो म्हणाला, ते तुकडा काढल्यावर कळेल. "आणि काढता येत नाही हे तुकड्याआधीच कळलं?" त्यावर त्याने घड्याळ बघितलं. बाहेर आल्यावर भावजी तिच्यावर चिडले. एवढ्या मोठ्या माणसाशी असं बोलतात? ताई कारंज्याच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "चला, मला घरी न्या. इथे पाण्याचा आवाज फार आहे."

डॉक्टर मेहरांनी ज्या सर्जनकडे पाठवलं तो त्यांच्याच इस्पितळातला. बारीक, केस विस्कटलेले, खोलीतल्या एका खुर्चीचा पाय मोडका, म्हणून त्याने ताईला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण टेबलाला टेकून उभा राहिला. पुन्हा सगळं तपासलं. तिला चालवून बघितलं. मग तिच्याशीच बोलला. म्हणाला, अशा गाठी मुख्यतः दोन तऱ्हांच्या. एक असते ती आंब्यातल्या कोयीसारखी, वेगळी, नीट धरली तर सगळी सुटून येते. दुसरी दुधात साखर विरघळावी तशी, तिला हात लावून उपयोग नाही. "फ़िल्म देखकर मुझे पहली लगती है। पक्का अंदर जाकर ही पता चलेगा। पहली हुई तो पूरी निकालूँगा, रेडिएशन नहीं। दूसरी हुई तो थोड़ी-सी लेकर बाहर आ जाऊँगा। हीरो नहीं बनूँगा।" हातपाय जाऊ शकतात, श्वासाला यंत्र लागू शकतं, हेही सांगितलं, आवाज न बदलता. ताईने विचारलं, हात परत येईल? तो म्हणाला, "देखिए… ऑपरेशन के दिन जितना बचा होगा, अक्सर उतना ही बचता है। जो चला गया, वह कम ही लौटता है।" मग कागदावरची तारीख बघून आम्हा दोघांकडे, भावजींकडे आणि माझ्याकडे वळला. "पहली बार हाथ कब जला था? इतने दिन आप लोग क्या कर रहे थे?"

भावजी पेजर बघायला लागले. तो वाजला नव्हता. मी जमिनीकडे बघत राहिले. ताईच म्हणाली, "ये लोग मुझे समझने की कोशिश कर रहे थे।"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डात तिच्याजवळ होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा डबा आला होता, भेंडीचा वास येत होता. ताई म्हणाली, "शैला, तो तुझा शब्द कोणता ग? नीट समजावून सांग. मला उद्यानंतर वेळ मिळेल न मिळेल." मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडू नकोस, शिकव. एवढी एम.ए. होणार आहेस." आणि तिने खरंच माझ्याकडून सगळं वदवून घेतलं, कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, कसं ओळखतात. गणिताच्या तासाला फळ्याशी उभं करतात तसं. मी हुंदके देत सांगत होते. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे बाकी काही सापडलं नाही तर हे. मग बाकी काही शोधलंस का?" मी नाही म्हणाले. "मग पुढच्या वेळी कुणाला हा शब्द लावायच्या आधी त्याच्या हाताला चटका देऊन बघ. ओरडला तर लाव." आणि कूस बदलून पडली. तिने मला माफ केलं असं म्हणायची सोय तिने ठेवली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. वर्षानुवर्षं माझ्या पहिल्या तासाला मी मुलांना हे सांगत आले, नाव न घेता, एक मूर्ख विद्यार्थिनी होती म्हणून.

सकाळी सातला आत नेलं, संध्याकाळी पाचला सर्जन बाहेर आला. कोय होती. सगळी निघाली. आठवड्याने तपासणीचा कागद आला, गाठ साधी, रेडिएशन नको. भावजींनी सर्जनचा हात दोन्ही हातांत धरला आणि "थँक यू, सर" एवढंच म्हणत राहिले. त्यांना आणखी काही येतच नव्हतं. पण गाठीपर्यंत पोचायला मज्जारज्जू मागून मधोमध उघडावा लागतो, आणि त्या वाटेवर जे असतं ते दुखावतं, हेही त्याने आधी सांगितलं होतं. ताईला पाय हलवता येत होते, पण पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं. डोळे मिटले की पाय नाहीसे व्हायचे. ती बघून चालायला शिकली, एकेक पाऊल नजरेने उचलून ठेवत, दोन महिने भिंतीला धरून, मग काठीने. क्वार्टर तोवर सोडावं लागलं होतं आणि गुडगावच्या तिसऱ्या मजल्यावर चढणं शक्य नव्हतं, म्हणून ती आठ महिने माझ्याकडे मुनिरकात राहिली, तळमजल्यावरच्या त्या खिडकीच्या खोलीत. लोक विचारपूस करायला यायचे आणि तिला डोळे भरून बघायचे. "मान खाली घालून चालते हल्ली, किती नम्र झाली," असं भावजींच्या आई म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं, तेव्हा तिला इतकं हसू आलं की तोल गेला.

शाळेत ती परत गेली. डाव्या हाताने फळ्यावर लिहायला शिकली, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. एक सहामाही काढली. मग एकदा मुलांनी मधल्या सुट्टीत बाकं हलवली आणि ती वर्गात शिरताना आडवी झाली. कुणाची चूक नव्हती. तिने राजीनामा लिहून दिला, माझ्या हातून, कारण तिला स्वतःचं अक्षर तिथे ठेवायचं नव्हतं. ज्या शाळेसाठी ती गुडगावला नाही म्हणाली, ती गेलीच. चौदा महिने आधी ती गरम पाण्याची नळी तिच्या हाताला लागली असती तर उजवा हात राहिला असता, आणि बहुधा शाळाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. मी डॉक्टर मेहरांना पुढे एकदा विचारलं होतं, आणि त्यांनी मला दिलासा देण्याच्या भानगडीत न पडता हो म्हटलं.

भावजींनी तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि ताई गुडगावला गेली. सिंगापूर झालं नाही, पण इमारती झाल्या, आणि पुण्या-मुंबईहून आयटीवाली मराठी कुटुंबं आली, ज्यांची मुलं "माझ्याला पाहिजे" म्हणायची. रविवारी ती त्यांना मराठी शिकवायची, आणि आईबापांचाही पाणउतारा करायची. ऑपरेशननंतर ती सत्तावीस वर्षं जगली. यातलं 'इन्स्पिरेशन' कुठलं ते मला ठाऊक नाही. सकाळी उठून तिला स्वतःचे पाय शोधावे लागायचे, आणि ती ते वैतागून शोधायची.

भावजींनी कधी माफी मागितली नाही. तेराव्याला आलेल्या लोकांना ते सांगत होते, "वी टुक हर टु द बेस्ट." मी ऐकत होते आणि मला ते नेहमीइतकेच क्षुद्र वाटत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघणार होते. अंघोळीला जायला उठले तर न्हाणीघराचं दार उघडं, आणि भावजी आत बादलीशी वाकलेले. त्र्याहत्तरचं वय, बाही खांद्यापर्यंत वर केलेली. गीझरचं पाणी सोडलेलं, त्यात कोपरापर्यंत हात. हात काढला, गार पाण्याचा नळ थोडा सोडला, ढवळलं, परत हात घातला, थांबले. पुन्हा थोडं गार. हाताचा रंग लाल झालेला होता. मी विचारलं, "भावजी, काय करताय?" ते दचकले. "तुझ्यासाठी… म्हणजे, ती गरम-गार बघायची नाही ना. रोज मीच…" मग त्यांनी हात पुसला आणि चहाचं बघायला निघून गेले. ती गुडगावला आल्यापासून हे रोज चाललं होतं, आणि ताईने मला एकदाही सांगितलं नव्हतं. भावजींनीही नाही.

मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. वाटली नाही. चौदा महिन्यांची भरपाई बादलीने होत नाही, आणि माझ्या नावावर तर तेवढीही बादली नाही. मी दार लावून घेतलं आणि तांब्याने पाणी अंगावर घेतलं. अगदी बेताचं होतं, ना कढत ना कोमट. इतकं बेताचं की ते तसं आहे हे तिला कधीच कळू शकलं नसेल.